यंदाची सहल बऱ्हाणपूरला न्या: रावेर-यावलकडच्या शाळांना एक खुले पत्र

रावेर, यावल, भुसावळ आणि मुक्ताईनगर तालुक्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, आणि दरवर्षी सहलीची जबाबदारी अंगावर घेणारे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. दोघांच्या शाळा वेगळ्या, पण थंडी पडली की दोघांच्याही दप्तरातून सहलीची चिठ्ठी घरी येते. ती समोर ठेवूनच हे पत्र लिहायला बसलो आहे. विनंती एकच आहे. यंदाची सहल बऱ्हाणपूरला न्या, आणि तिथे गेल्यावर सगळ्यात आधी मुलांना कुंडी भंडारा, म्हणजे तिथली मोगलांच्या काळातली जमिनीखालची पाणीयोजना, दाखवा.

का, ते सविस्तर सांगतो. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

बऱ्हाणपूर आमच्या घराला नवं नाही. सकाळच्या चहाआधी मोबाईलवर बऱ्हाणपूरचा केळीचा भाव बघणारी माणसं आम्ही. तिथे लिलाव कितीवर गेला यावर आमच्या पारावर रोज वाद होतो. घरातल्या दोन लग्नांचा बस्ता तिथूनच बांधला. माझं स्वतःचं शंभरदा तरी जाणं झालं असेल, आणि इतक्यांदा जाऊनही मी ते शहर पाहिलं नव्हतं. शनवारा दरवाज्यापाशी गाडी गर्दीत अडकायची, मी हॉर्न वाजवायचो, पण मान वर करून दरवाज्याकडे कधी बघितलं नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं मुलीने. खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर होती, असं तिने कुठेतरी वाचलं आणि जेवताना विचारलं, "पप्पा, आपली राजधानी होती तर ते आपल्या जिल्ह्यात का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मग तालुक्याच्या वाचनालयात बसलो, गॅझेटिअर चाळलं, जाणत्या माणसांना विचारलं. फारुकी सुलतानांनी बऱ्हाणपूर वसवलं आणि खान्देशचा कारभार तिथून चालवला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला, तेव्हाही ठाणं बऱ्हाणपूरलाच राहिलं. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने ते पेशव्यांना दिलं, पुढे ते शिंद्यांकडे आलं. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी खान्देश जिल्हा केला, त्या वेळी बऱ्हाणपूर शिंद्यांकडेच होतं, म्हणून ते त्या जिल्ह्यात आलं नाही. इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी ते निमाडला जोडलं. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. नकाशावर एक रेघ पडली, आणि रेघेच्या अलीकडची आमची मुलं आपल्याच मुलखाची राजधानी विसरून गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे निघालो. मी, मंडळी, दोन्ही मुलं आणि माझी आई. आईचं वय ७४. तिने आदल्या रात्री तुराट्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं, सोबत पुऱ्या, कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा. सातला गाडी काढली. रावेर सोडलं तरी धुकं होतं. चोरवडचा नाका आला तेव्हा मुलाने विचारलं, "सीमा कुठंय?" मी पाटी दाखवली. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. अलीकडे केळी, पलीकडे केळी, तसंच ठिबक, बागेच्या कडेला वाऱ्यासाठी तशीच आडोशाची झाडं. "काहीच बदललं नाही," तो म्हणाला. खरंच आहे ते.

आम्ही आधी लालबाग भागात कुंडी भंडाऱ्याला गेलो. जुनी माणसं त्याला खुनी भंडारा म्हणतात. पूर्वी त्याचं पाणी लालसर दिसायचं म्हणून हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. उघडं माळरान, आणि त्यावर एका रांगेत थोड्याथोड्या अंतरावर दगडविटांचे गोल कठडे. आमच्याकडे विहिरीला असतात तसेच, जरा उंच. मुलगा हिरमुसला. "याच्यासाठी आलो?" म्हणाला.

त्यातल्या एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. तीन-चार माणसं जेमतेम मावतात. आई वरच थांबली, आम्ही उतरलो. सुमारे ८० फूट खाली. जसजसं खाली जातो तसतसा वरच्या तोंडाचा उजेड आकसत जातो, शेवटी ताटाएवढा उरतो. वर थंडीने हात कडक झाले होते, खाली हवा उबदार आणि ओली. लिफ्टवाल्या दादांनी टॉर्च मारली आणि मुलांचा आवाजच बंद झाला.

समोर बोगदा होता. एका वेळी एकच माणूस चालेल इतका अरुंद. तळाशी स्वच्छ पाणी, आणि ते उभं नव्हतं, वाहत होतं, अगदी सावकाश. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचलेला, कुठे फुलकोबीसारखा फुगीर, कुठे मेणबत्तीच्या ओघळासारखा. दादांनी टॉर्च छताकडे नेली. दगडाच्या एका सांध्यातून थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, पडला. त्याच जागी दुसरा फुगायला लागला. मुलीने तळहात पुढे केला आणि तो थेंब झेलला. "हे कुठून येतंय?" तिने विचारलं. दादा म्हणाले, "सातपुड्यातून." तिने हात तसाच पुढे धरून ठेवला. चौथा, पाचवा, सहावा थेंब मी तिच्याबरोबर मोजला.

सर, मॅडम, या थेंबासाठीच मी हे पत्र लिहितो आहे.

ही योजना १६१५ च्या सुमाराची. जहांगीर बादशहा होता आणि बऱ्हाणपूरचा कारभार अब्दुल रहीम खानखानान पाहत होता. तुमची मुलं हिंदीच्या तासाला ज्याचे दोहे पाठ करतात तो रहीम हाच. पाणी गेलं तर सगळं ओस, अशा अर्थाचा त्याचा दोहा तर सगळ्यांनाच येतो. तो लिहिणाऱ्या माणसाने एका शहराला पाणी पाजलं होतं, हे मात्र मला चाळिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. आखणी तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकाराने केली असं सांगतात. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, नहर-ए-अंबरी याच जातीची.

युक्ती शेतकऱ्याच्या पोराला चटकन समजेल अशी आहे. डोंगरात पडलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि उताराने तापीकडे सरकत राहतं. त्याच्या वाटेत एका ओळीत विहिरी खणल्या, शंभराच्या आसपास. तळाशी त्या बोगद्याने एकमेकींना जोडल्या. बोगद्याला उतार दिला अगदी मंद, जमिनीच्या उतारापेक्षा कमी. त्यामुळे डोंगराकडे खूप खोल असलेलं पाणी शहराकडे येताना आपोआप वर वर आलं. मोट नाही, रहाट नाही, मोटर नाही, वीजबिल नाही. विहिरी उपसायला नव्हत्याच, त्या हवा-उजेड खेळायला आणि आत उतरून गाळ काढायला. शहराजवळ जाली करंज नावाच्या हौदात पाणी जमायचं, तिथून मातीच्या नळांनी महालात, हमामात म्हणजे शाही न्हाणीघरात, आणि वस्तीत जायचं. ४०० वर्षं झाली, आणि आम्ही उभे होतो तिथे पाणी वाहत होतं. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२४ मध्ये या भंडाऱ्याचं नाव गेलं आहे.

आम्ही खाली असताना वरून आवाज आला. आई शेजारच्या कुंडीच्या कठड्यावरून वाकून हाका मारत होती. तिचा आवाज बोगद्यातून फिरून आमच्या मागून आला, मुलगा दचकलाच. मी ओरडून सांगितलं की खाली पाणी आहे, वाहतं पाणी आहे. क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "इतलं पानी खाले हाये, अन् आपल्या ट्यूबवेलले काहून लागत नाही रे?"

वर आल्यावर मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून त्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे.

माझ्या आजोबांची विहीर हाताने खणलेली, मोटेची. त्या विहिरीत मी पोहायला शिकलो. वडिलांनी तिच्यात आडवे बोअर मारले, मग उभं मारलं, मग शेतात ट्यूबवेल केली. मी ती आणखी खोल नेली, तरी मे महिन्यात ती दम टाकते. गेल्या सहा वर्षांत दोन नव्या ट्यूबवेल कोरड्या गेल्या, त्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. ही काही माझ्या एकट्याची कहाणी नाही. भूजलाच्या सरकारी मोजणीत रावेर आणि यावल हे तालुके कित्येक वर्षं अतिशोषित म्हणून नोंदलेले आहेत. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला अभिमान वाटला. पण ती केळी ज्या पाण्यावर उभी आहे ते पाणी जमिनीखाली कसं चालतं, हे आमच्या मुलांना कोणी दाखवलेलं नाही. आम्हालाही दाखवलं नव्हतं.

सातपुड्याच्या पायथ्याला वाळू, गोटे, मुरुमाचा जाड थर आहे. भूजलाचे अभ्यासक त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्याने वर्षानुवर्षं पोटात साठवलं आणि आपण दोन पिढ्यांत उपसलं. आता तापीचं पाणी कालव्यांनी त्याच पट्ट्यात नेऊन जिरवायची मोठी योजना आहे, तापी महापुनर्भरण. १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिचा करार केला. आमच्या गावात तिच्यावर चर्चा होते ती जमीन कोणाची जाणार आणि कालवा कुठून जाणार एवढीच. पाणी मुरणं, सरकणं, साठणं म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या चर्चेत सापडत नाही. तो थेंब हातावर घेतलेली मुलं उद्या त्या चर्चेला बसतील, तेव्हा ती वेगळं बोलतील असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकात भूजलाची आकृती असते. निळ्या बाणांची. माझ्या मुलीने ती आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. कुंडीतून वर आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, ते बाण म्हणजे हे होतं?"

तिथून आम्ही जामा मशिदीत गेलो. गावाच्या ऐन बाजारात आहे, कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून वाट काढत जावं लागतं. काळा दगड, दोन उंच मिनार, आणि आत गेल्याबरोबर कमानींच्या रांगा. लाकडाचा वासाही नाही, सगळं दगडाच्या कमानींवर तोललेलं. नमाजाची वेळ नव्हती. तिथल्या एका वयस्कर चाचांनी आम्ही कुठले ते विचारलं, रावेरकडचे म्हटल्यावर हसले आणि मराठीत म्हणाले, "मग या, तुम्हाला तुमच्या वाचण्याजोगं काही दाखवतो." आतल्या भिंतीवर एक शिलालेख आहे. वर अरबी, आणि खाली चक्क संस्कृत, देवनागरी अक्षरांत. सुरुवात 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः' अशी. सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे, आणि मशिदीचा काळ दोन्ही शकांत सांगितला आहे, विक्रम संवत १६४६ आणि शालिवाहन शके १५११. पौष महिना, शुद्ध दशमी. म्हणजे आपल्या हिशेबाने १५९० चा जानेवारी. आदिलशाह फारुकीने, ज्याला राजा अली खान म्हणतात त्याने, ही मशीद बांधली.

आईला अरबीही येत नाही, संस्कृतही नाही. पण शके आणि पौष शुद्ध दशमी हे तिला बरोबर समजलं. "आपल्याच तिथीनं लिव्हलं हाये," ती म्हणाली, आणि पदर सावरून तिने हात जोडले. चाचांनीही जोडले.

इतिहास शिकवणाऱ्या सरांना मी काय सांगावं? पण त्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या पोराला जे कळेल ते वर्गात तासभर बोलूनही सांगता येणार नाही, असं माझं मत आहे.

दुपारी तापीच्या घाटावर बसून जेवलो. समोर पलीकडच्या काठावर जैनाबाद. नासिर खान फारुकीने नदीच्या दोन्ही काठांवर गावं वसवली. एकाला सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं, दुसऱ्याला जैनुद्दीन यांचं. दोघांच्याही दर्ग्यांचं ठिकाण आपल्याकडचं खुलताबाद. या फारुकींचं पहिलं ठाणं होतं धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं थाळनेर, त्यांच्या जुन्या कबरी अजून तिथे आहेत. 'खान्देश' या नावाची एक उपपत्तीही या खानांपाशीच येते, जरी कान्हदेश म्हणणारेही आहेत. आणि ज्या असीरगडाच्या जोरावर त्यांनी मुलूख राखला, तो त्यांनी आसा अहीर नावाच्या गवळी सरदाराकडून घेतला, डोल्यांमध्ये बायकांऐवजी सैनिक बसवून. फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. अहिराणी जिच्या नावात अहीर आहेत ती भाषा आजही धुळ्याकडे घरोघर बोलली जाते. माझ्या मंडळींचं माहेर तिकडचं. आसा अहिराची गोष्ट ऐकताना तिचा घास हातातच राहिला. "आमच्यातलाच म्हणायचा की," ती म्हणाली. ही सगळी आपल्या घरातली गोष्ट आहे, सर, कुठल्या परक्या मुलखातली नव्हे.

शाही किल्ला तापीच्या अगदी काठावर आहे. बराचसा पडला आहे, पण हमाम उभा आहे. त्याच्या छतावरची वेलबुट्टी अजून दिसते, निळी, तांबडी, फिकी पडलेली. भंडाऱ्याचं पाणी इथवर यायचं. सकाळी जो थेंब पाहिला तो कुठे पोचायचा, हे मुलांना इथे कळलं. दोघं हौदाच्या कडेला बसून पाणी कुठून आत येत असेल यावर भांडायला लागली. मुलगा म्हणे या कोपऱ्यातून, मुलगी म्हणे उतार तिकडे आहे. मी मध्ये पडलो नाही.

याच किल्ल्यात १७ जून १६३१ ला मुमताज महल बाळंतपणात गेली. चौदावं मूल होतं. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या शाही बागेत, पुरलं, आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना माहीत आहे, ही जागा मात्र शेताशिवारात गप्प पडून आहे. मला मात्र तिथे दुसरीच गोष्ट आठवली. १६३० ते १६३२ म्हणजे महादुष्काळाची वर्षं. ज्या दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, तोच हा दुष्काळ. शहाजहान बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले होते. एकीकडे महाल, एकीकडे रांगा लावलेली माणसं, आणि जमिनीखालून सरकणारं पाणी. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा माझा गळा दाटला. आमच्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आई शेजारी उभी होती.

इथेच एक वाईट गोष्टही पाहिली, ती लपवत नाही. हमामाच्या भिंतींवर टोकदार वस्तूने नावं कोरलेली आहेत. बदाम, बाण, तारखा. त्यातली कितीतरी देवनागरीत, आणि गावांची नावं आपल्याकडची. एका नावाखाली माझ्या शेजारच्या गावाचं नाव होतं. मुलाने ते मोठ्याने वाचलं. मला मान खाली घालावीशी वाटली. ही नावं कोरणारी पोरं कधीतरी कुठल्यातरी शाळेत बसली होती. त्यांना कोणी वेळेवर हात धरून सांगितलं असतं, की बाळा, या रंगावर बोटही लावू नको, तर ही भिंत वाचली असती. ते सांगणारं माणूस सहलीत सोबत असतं. घरचे आम्ही सांगूच, पण सरांचं ऐकतात तसं मुलं आमचं ऐकत नाहीत.

परतताना राजाच्या छत्रीला गेलो. शहराबाहेर, नदीच्या काठावर खांबांची सुंदर छत्री. मिर्झाराजे जयसिंहाची. हो, तोच, १६६५ चा पुरंदरचा तह ज्याच्याशी झाला तो. दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, दख्खनेतून माघारी जाताना तो बऱ्हाणपुरात वारला. शिवाजी महाराजांच्या इतिहासात मुलांनी त्याचं नाव वाचलेलं असतं, पण त्याचा शेवट इथे, आपल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर झाला, हे त्यांना माहीत नसतं. आणि १६८१ च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगोलग, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने याच बऱ्हाणपुरावर झडप घातली आणि बहादूरपुऱ्याची पेठ लुटली. माझ्या मुलाला हे कळल्यावर तो छत्रीच्या पायरीवर उभा राहून फौज कोणत्या बाजूने आली असेल ते बोटाने दाखवत राहिला.

असीरगड राहिला. दिवस मावळतीला गेला आणि आईचे गुडघे बोलायला लागले. मावा जिलेबी मात्र घेतली. खव्याची, जाड, काळपट तांबडी. गरम कढईतून काढलेली एक जिलेबी आईने पानावर घेऊन फुंकर मारत खाल्ली आणि दुसरी मागितली. तिचं इतकं खाणं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

आता तुमच्या अडचणींबद्दल. त्या मला ठाऊक आहेत, मी शाळा समितीवर तीन वर्षं होतो. राज्याबाहेरची सहल म्हटली की परवानगीचे कागद वाढतात. मुलींची काळजी, बसचा करार, पालकांच्या सह्या. काही बरं-वाईट झालं तर बोट मुख्याध्यापकांकडेच दाखवलं जातं. त्यामुळे सोपं, ओळखीचं ठिकाण निवडलं जातं. गेल्या वर्षी माझ्या मुलाची सहल वॉटर पार्कला गेली. तो आनंदात परतला, माझी काही तक्रार नाही, मुलांनी भिजावं, खेळावं. पण त्या दिवशी त्याने उधळलेलं पाणी आणि यंदा बहिणीच्या तळहातावर पडलेले सहा थेंब, या दोन्हींचा हिशेब माझ्या मनात शेजारी शेजारी बसला आहे, आणि तो काही केल्या जुळत नाही. आमच्या तालुक्याची मुलं पाण्याच्या नावाखाली फक्त घसरगुंडी पाहून मोठी झाली, तर ती आमची चूक असेल, तुमची आणि माझी दोघांची.

कागदांचं काम अवघड आहे, अशक्य नाही. अंतर पाहा. रावेरहून बस तासाभरात पोचते. मुक्कामाची गरज नाही, सकाळी निघून दिवे लागायच्या आत परत. यात खर्च वाचतो, म्हणजे ज्या घरांना सहलीचे पैसे परवडत नाहीत ती मुलंही येऊ शकतील. माझ्या गावातल्या केळी तोडणाऱ्या मजुरांची मुलं आजवर एकाही सहलीला गेलेली नाहीत. मला तर आधी तीच मुलं त्या कुंडीत उतरलेली पाहायची आहेत. त्यांचे आई-बाप त्याच पाण्यावर राबतात.

एक करा, शंभर मुलं एकदम नेऊ नका. लिफ्टमध्ये तीन-चारच मावतात, रांगेत मुलं कंटाळतात आणि मग धक्काबुक्की होते. एका वेळी एक तुकडी न्या. जाण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे ना, हे विचारा. बंद असेल तरी जा, कठड्यावरून दगड न टाकता कान देऊन ऐकलं तरी खालचं ऐकू येतं, हे आईने सिद्ध केलं आहे. सोबत फक्त इतिहासाचे सर नकोत. विज्ञानाच्या मॅडम हव्यात, भूगोलाचे सर हवेत, हिंदीच्या मॅडमनी रहीम तिथेच शिकवावा. आणि जाण्याच्या आठ दिवस आधी प्रत्येक मुलाला एक काम द्या. घरी जाऊन विचारायचं, आपल्या शेतातलं पाणी आजोबांच्या वेळी किती हातावर होतं, आणि आज किती फुटांवर आहे. ज्याच्या घरी शेत नाही त्याने गावच्या आडाचं विचारावं. ते आकडे वहीत लिहून सोबत न्यावेत आणि त्या बोगद्यापाशी उभं राहून वाचावेत. बाकी काही शिकवायची गरज पडणार नाही.

माझ्या मुलीने हे काम आपणहून केलं. आजीला विचारून तिने आमच्या शेताच्या पाण्याचा तक्ता काढला आहे, पणजोबांच्या मोटेपासून ते गेल्या मेपर्यंत. तो तिने भिंतीला लावला आहे. तिच्या शाळेने मागितला तर ती वर्गात आणेल.

पहिली शाळा जी जायचं ठरवेल तिच्या मुलांसाठी सोनकेळीचे दोन घड माझ्याकडून. बसबरोबर यायला मीही तयार आहे, जागा नसेल तर माझ्या गाडीने मागून येईन. आईने मात्र आत्ताच सांगून ठेवलं आहे, की पुढच्या खेपेला ती वर थांबणार नाही, लिफ्टने खाली उतरणार आहे. तेव्हा तुकडी ठरवताना एक जागा तिच्यासाठी राखून ठेवा.

आपला,
रावेर तालुक्यातला एक शेतकरी पालक